शाळेच्या वाटेवरचा मुलूख

मुंबईहून आग्र्याकडे जाणारा राजमार्ग ठाणे शहराच्या अंगावरून पुढे सरकताना ज्या ठिकाणी घोडबंदरच्या रस्त्याला फाटा देतो, त्या नाक्याचे नाव माजिवडा. आणि ज्यांचा या स्थळाशी संबंध केवळ वाहनाच्या खिडकीतून येतो, अशा बहुसंख्य प्रवाशांच्या लेखी माजिवडा म्हणजे एक उड्डाणपूल, मेट्रोच्या खांबांची रांग आणि कापूरबावडीपर्यंत तुंबलेली वाहने, याहून अधिक काही नाही. वास्तविक महसुली दप्तरात ‘मौजे माजिवडे’ म्हणून नोंद असलेले हे जुने गाव आहे. त्याला गावठाण आहे, तलाव आहे, पिढ्यानपिढ्या येथे नांदणारी आगरी-कोळी वस्ती आहे. एके काळी ज्यांच्या सातबाऱ्यावर भातखाचरांची नोंद होती, त्या जमिनींवर प्रथम कारखाने आले, कारखाने गेल्यावर उंच मनोरे आले, आणि १९८२ साली स्थापन झालेल्या महानगरपालिकेच्या कागदोपत्री माजिवडा-मानपाडा नावाची प्रभाग समितीही अस्तित्वात आली. गावाचा असा साद्यंत तपशील कचेऱ्यांतून ठेवला जातो. परंतु याच गावात आठ-नऊ वर्षांच्या मुलाला काय दिसते, याची नोंद ठेवणारे दप्तर कोणत्याही सरकारने अद्याप उघडलेले नाही. ते काम कादंबरीकाराकडे सोपवलेले असते.

आमच्या इमारतीत राहणाऱ्या एका मुलाला मी सहज विचारले, की बाळ, शाळेच्या वाटेवर काय काय लागते? तो म्हणाला, “काही नाही हो आजोबा. मला बस लागते, म्हणून मी डोळे मिटूनच बसतो.” या उत्तराला मी हसलो खरा; परंतु त्या सुमारास प्रकाश नारायण संतांचे लंपनकथांचे चारही संग्रह पुन्हा वाचीत असल्यामुळे ते उत्तर मनातून जाईना. कारण त्या पुस्तकांतील मुलगा शाळेत जातो तो असंख्य वस्तू, माणसे, झाडे आणि भये यांच्यामधून वाट काढीत जातो, आणि वर्गात जे घडते त्याच्यापेक्षा वाटेवर जे घडते तेच त्याच्या अंतःकरणात अधिक खोल उतरते. मिलिंद बोकिलांच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘शाळा’ या कादंबरीचे नाव जरी शाळा असले, तरी नववीतल्या मुकुंद जोशीचे आयुष्य शाळेबाहेरच्या रस्त्यांवर आणि अर्धवट बांधलेल्या इमारतीत जमणाऱ्या मित्रांच्या अड्ड्यावरच फुलते, आणि आणीबाणीसारखी राष्ट्रीय आपत्तीसुद्धा त्याच्यापर्यंत पोहोचते ती वाटेवरच्या कुजबुजीतून. मुलाच्या डोळ्यांनी सांगितलेल्या कादंबरीचे खरे क्षेत्र घर नव्हे, शाळाही नव्हे, तर त्या दोहोंमधली पायवाट होय, असा एक तर्क मनात आकार घेऊ लागला. आणि तर्काची परीक्षा खुर्चीत बसून करण्यापेक्षा ती स्थळे पाहून करावी, या हेतूने मार्गशीर्षातल्या एका पहाटे मी ठाण्याच्या वंदना बसस्थानकावरून एसटीने दक्षिणेकडे निघालो.

येथे कोणी म्हणेल, की बालपणाच्या शोधात निघालेल्या मराठी माणसाने प्रथम पालगडाला जावयास हवे. साने गुरुजींनी नाशिकच्या कारागृहात १९३३ च्या फेब्रुवारीत अवघ्या काही दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून काढली, आणि महाराष्ट्राच्या तीन पिढ्यांनी त्या पुस्तकावर अश्रू ढाळले, हे खरे आहे. तथापि श्याम आपली कथा सांगतो तो प्रौढ झाल्यावर, आश्रमातल्या मित्रांना, रात्रीमागून रात्र. काय घडले याच्याबरोबर त्याचा अर्थ काय, हेही त्याला ठाऊक असते, आणि त्या अर्थासाठीच तो बोलत असतो. ते मागे वळून पाहिलेले बालपण आहे. मला पाहावयाचे होते ते बालपणाच्याच उंचीवरून पाहिलेले जग, ज्यात निवेदकाला त्या क्षणी त्या मुलाला ठाऊक असेल त्याहून एक अक्षरही अधिक ठाऊक असता कामा नये. या दुसऱ्या प्रकारात लेखकाला आपल्या पुढच्या साऱ्या आयुष्याचे ज्ञान दाराबाहेर ठेवून आत शिरावे लागते, आणि तसे ते ठेवणे हे ज्ञान मिळवण्यापेक्षा कठीण असते.

खंबाटकीचा घाट ओलांडून सातारा मागे पडला, आणि दुपारी मी कऱ्हाडास उतरलो. कृष्णा आणि कोयना या दोन नद्या येथे समोरासमोर येऊन भेटतात व एकत्र होऊन काटकोनात वळतात. त्या प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे, आणि सायंकाळी सारे गाव तेथे वाऱ्यावर येते. परंतु माझा हेतू वेगळा होता. लंपनला जन्म देणारा लेखक या गावच्या विज्ञान महाविद्यालयात भूशास्त्र शिकवीत असे. कागदोपत्री त्यांचे नाव भालचंद्र गोपाळ दीक्षित; ना. मा. संत आणि कवयित्री इंदिरा संत यांचे हे पुत्र १९३७ साली जन्मले, आजोळच्या दीक्षित घराण्यात वाढले, तेथेच दत्तक गेले, आणि लिहावयाची वेळ आली तेव्हा त्यांनी जन्मदात्या पित्याचे नाव पुस्तकावर घातले. वडील १९४६ सालीच निवर्तले होते. साठच्या दशकात काही कथा लिहून झाल्यावर या गृहस्थांनी दीर्घकाळ मौन धरले, आणि ‘वनवास’ हा पहिला संग्रह निघाला तो १९९४ साली. ‘शारदा संगीत’ १९९७ साली, ‘पंखा’ त्यानंतर, आणि शेवटी ‘झुंबर’. २००३ साली लेखक गेला. म्हणजे वयाच्या साठीच्या आसपास असलेल्या एका विज्ञानाच्या प्राध्यापकाने अर्धशतकापूर्वीच्या एका मुलाला आपल्या वतीने बोलण्याचा मुखत्यार नेमले, आणि स्वतः मात्र त्या कथांत एकदाही तोंड उघडले नाही.

संगमाच्या काठावर बसलो असता मनात आले, की हे भूशास्त्रज्ञालाच साधावे यात नवल नाही. सह्याद्रीचा हा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. त्याचा अभ्यास करणारा मनुष्य थरावर थर कसा बसतो हे पाहतो, पण वरच्या थराचा दोष खालच्या थरावर लादीत नाही. जो थर ज्या काळी साचला, त्याच काळाची साक्ष त्याच्याकडून घ्यावयाची, हा त्या शास्त्राचा पहिला दंडक आहे. लंपनच्या कथांत हा दंडक कसोशीने पाळलेला आढळतो. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे आपल्याला का ठेवले आहे, याचा उलगडा त्या मुलाला होत नाही, म्हणून तो वाचकालाही करून दिला जात नाही. सुमी नावाची मुलगी समोर आली की पोटात कसेसे होते, एवढेच त्याला कळते, आणि त्या कसेसे होण्याला प्रौढांनी दिलेले नाव लेखक ओठांवर येऊ देत नाही. काही गोष्टी त्याला ‘मॅड’ वाटतात, काही ‘तंतोतंत’ पटतात, आणि एखादी गोष्ट फार वेळा झाली असे सांगावयाचे तर तो बेधडक शेकड्यांतले किंवा हजारांतले अवघड आकडे ठोकून देतो. मुलाची अतिशयोक्ती ही सुद्धा एक मोजणीच असते. फक्त तिचे माप तालुका कचेरीतल्या साखळीशी जुळत नाही.

दुसऱ्या दिवशी कोल्हापूर मागे टाकून कागलला आलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उसाचे फड आणि साखर कारखान्याकडे खडखडत जाणाऱ्या ट्रॉल्या. राजर्षी शाहू छत्रपती ज्या घाटगे घराण्यातून कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले, त्यांच्या जहागिरीचे हे गाव. परंतु आनंद यादवांच्या ‘झोंबी’ने या गावाला जी कीर्ती दिली ती कोणत्याही जहागीरदाराने दिलेली नाही. १९८७ साली आलेल्या आणि १९९० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवलेल्या या आत्मचरित्रात्मक कादंबरीत आनंदाला शाळेत जावयाचे असते आणि बापाला त्याला शेतात राबवावयाचे असते. अखेर आई रात्री गावात वजन असलेल्या दत्ताजीराव देसायांकडे जाऊन गाऱ्हाणे घालते, आणि जो करार ठरतो तो एखाद्या कबुलायतीइतका कडक असतो: शाळेची वेळ होईपर्यंत पिकाला पाणी पाजायचे, शाळा सुटली की गुरे राखायची, आणि ज्या दिवशी शेतात काम अधिक त्या दिवशी शाळा बुडवायची. वाचताना माझे लक्ष वारंवार जाई ते या मधल्या वेळांकडे. पाणी पाजताना आणि गुरांमागे हिंडताना तो मुलगा मोठ्याने कविता म्हणतो, शिक्षकांसारखे हावभाव करून पाहतो, आणि कागद-पेन्सिल जवळ नसेल तेव्हा काठीने म्हशीच्या पाठीवर ओळी लिहितो. जो लेखक पुढे झाला तो वर्गात घडला की रानात, याचा निवाडा करणे कठीण आहे. परंतु सौंदलगेकर मास्तरांनी वर्गात दिलेली कविता रानातल्या एकांतात मुरली नसती, तर ती त्याची झाली नसती, एवढे निश्चित.

फडाच्या बांधावर एक वृद्ध शेतकरी विडी ओढीत बसले होते. मी मोटेची, गुऱ्हाळांची चौकशी केली, तेव्हा ते म्हणाले, “मोटंचं कुठलं राहिलंय आता, पावनं? बटन दाबलं की पानी. आन् ऊस तोडला की फॅक्टरीला.” मग क्षणभर थांबून आपण होऊन म्हणाले, “शाळंला मातूर समदी जात्यात. त्ये एक बरं झालं.” त्यांच्या या ‘बरं झालं’मध्ये पूर्वीच्या पिढ्यांची जी वंचना होती, तिच्यापुढे माझा पायवाटेविषयीचा तर्क काहीसा चैनीचा वाटू लागला. आनंदाच्या त्या मोकळ्या वेळांना मोकळे म्हणणे हे आपल्यासारख्या शहरी वाचकाचे औदार्य आहे. त्याच्या लेखी ते वेठीचे तास होते. तथापि त्याने त्याच तासांतून आपले साम्राज्य उभे केले, हेही त्याच्याच पुस्तकात नमूद आहे. ज्या वेळेवर देखरेख बापाची होती पण मनावर कोणाचीच नव्हती, तो वेळ त्याला पुरला.

कागल सोडले की कोगनोळीचा नाका लागतो, आणि महाराष्ट्राची हद्द संपून कर्नाटकाची सुरू होते. पाट्यांची लिपी पालटते; शेताचा रंग, घरांची ठेवण आणि बाजूच्या प्रवाशाची भाषा यांत मात्र काडीचाही फरक पडत नाही. थोड्याच वेळात एका पाटीवर ‘सौंदलगा’ हे नाव दिसले, आणि पुस्तकातल्या मास्तरांचे आडनाव असे अकस्मात मैलाच्या दगडाशेजारी उभे राहिलेले पाहून मला मोठी गंमत वाटली. पुढे तंबाखूची पेठ निपाणी, आणि निपाणीनंतर तवंदीचा घाट. इंदिरा संतांच्या माहेरच्या दीक्षितांचे हे तवंदी गाव. घाटाच्या वळणांवरून गाडी घुमत चढत असता डाव्या-उजव्या हातांचे माळ पाहून वाटले, की आई आणि मुलगा या दोघांच्याही लेखणीत निसर्ग जो इतका अंगाला खेटून येतो, त्याचे मूळ या उंचसखल मुलखात कोठेतरी असावे.

बेळगावास पोहोचलो तो सायंकाळी. या शहराविषयी महाराष्ट्रात बोलणे निघाले, की ताबडतोब तारखा निघतात: १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले, १९६७ साली महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, २०१४ साली शहराचे सरकारी नाव बेळगावी झाले. या प्रत्येक तारखेमागे माणसांचे दुःख आहे, आणि त्याला हलके लेखण्याचा माझा मुळीच इरादा नाही. परंतु लंपनच्या जगात या तारखांचा प्रवेशच होत नाही. त्याचे बालपण मुंबई इलाख्याच्या अखेरच्या पर्वातले, आणि त्याच्या बोलण्यात कानडी ढंग आणि मराठी शब्द असे मिसळलेले, की सरहद्द आखणाऱ्या कोणत्याही आयोगाला त्याच्या एका वाक्यातून सीमारेषा नेता आली नसती. त्याच्या दोस्ताचे नावच मुळी कणबर्गी गंग्या. आणि कणबर्गी हे बेळगावाच्या ईशान्येचे गाव आता शहराला येऊन मिळाले आहे, तेथली बस माझ्यासमोरून गेली, तेव्हा सौंदलग्याची ती गंमत पुन्हा अनुभवास आली. लेखकाने लंपनचे गाव बेळगाव आहे असे बजावून सांगितलेले नाही, आणि मीही ते घर, ती टेकडी, ते संगीताचे विद्यालय बोट ठेवून दाखवण्याच्या भरीस पडलो नाही. म्हापसेकर सरांच्या ‘शारदा संगीत’चा पत्ता शोधणे म्हणजे सुरांचा सर्व्हे नंबर विचारण्यासारखे झाले असते.

सकाळी मात्र शाळा भरण्याच्या वेळी मी टिळकवाडीच्या बाजूस फिरावयास गेलो. बेळगावची थंडी, तांबडी माती, जांभ्या दगडाच्या जुन्या कंपाऊंडच्या भिंती, त्यांच्यावरून बाहेर डोकावणारी झाडे, आणि वस्तीमधून गेलेला मिरज-लोंढा लोहमार्ग. या मार्गावरच्या फाटकांना गावाने पहिले, दुसरे, तिसरे अशी सरळ नावे देऊन टाकली आहेत, आणि पत्ता सांगताना अजूनही लोक त्यांचाच हवाला देतात. खांद्यावर दप्तर अडकवलेली दोन मुले रेंगाळत चालली होती. मी इकडेतिकडे पाहत उभा आहे असे पाहून त्यांतल्या थोरल्याने विचारले, “काय हुडकूलालाय ओ काका?” मी म्हणालो, “तुमच्या शाळेला कुठून जायचं, ते बघतोय.” त्यावर दोघांनी मिळून जी वाट सांगितली ती कोणत्याही नकाशात सापडण्याजोगी नव्हती: पुढे एक कुत्रे आहे, पण ते नुसते ओरडते, चावत नाही, मग फाटक, आणि गाडी आली तर थांबावे लागते, पण मालगाडी असेल तर डबे मोजायला मिळतात म्हणून उशीर झाला तरी चालतो, मग एक आजी आहे ती पेरू तोडू देत नाही, आणि मग शाळा. धाकटा मध्येच म्हणाला, की एकदा मालगाडीला दोनशे डबे होते. थोरल्याने त्याला ताबडतोब खोटे पाडले. माझ्यापुढे मात्र त्या दोनशे डब्यांची गाडी धडधडत निघून गेली होती.

मुले पुढे निघून गेल्यावर मी बराच वेळ त्या रस्त्याने हिंडत राहिलो, आणि ठाण्याहून घेऊन आलेल्या तर्काकडे पुन्हा एकदा तपासणीच्या दृष्टीने पाहिले. घरात मूल कोणाचे तरी असते. शाळेत ते कोणत्या तरी इयत्तेचे असते. या दोन्ही ठिकाणी त्याच्यावर कोणाचा तरी अंमल असतो, आणि काय पाहायचे व कशाला काय म्हणायचे, हे दुसऱ्याने ठरवलेले असते. मधल्या वाटेवर मात्र ते स्वतःच्या सत्तेखाली येते. भिण्याजोगे काय, हसण्याजोगे काय, थांबून पाहण्याजोगे काय, याचा निर्णय तेथे त्याचा त्यालाच घ्यावा लागतो. आणि पाहणे म्हणजे असे निर्णय घेणेच नाही तर दुसरे काय? लंपन, आनंदा आणि मुकुंद जोशी ही मुले तीन निरनिराळ्या स्तरांतली. एकाचे घर सुशिक्षितांचे, दुसऱ्याचे घर कष्टकऱ्यांचे, तिसऱ्याचे मध्यमवर्गीय. त्यांच्यात समान असे काही शोधू गेले, तर मनावर कोणाची देखरेख नसलेला हा रोजचा थोडासा वेळ एवढेच हाती लागते. त्यांच्या लेखकांना प्रौढपणी हवे ते सर्व ज्ञान दाराबाहेर ठेवता आले, याचे कारण आत शिरल्यावर उभे राहण्यापुरती स्वतःची अशी जागा तेथे शिल्लक होती. ज्याने वाटेवर डोळे मिटूनच प्रवास केला, तो पन्नास वर्षांनी आत शिरला तरी त्याला काय दिसणार?

माजिवड्याच्या नाक्यावर दहा पदरी रहदारीतून मुलाला एकटे पाठवावे, असे सुचवण्याचा वेडेपणा मी करणार नाही. कोणतीही आई ते करणार नाही, आणि तिने करूही नये. दोष आईबापांच्या भित्रेपणाचा नसून, ज्यांनी रस्ते आखले त्यांच्या अग्रक्रमाचा आहे. शहराच्या विकास आराखड्यात शाळेसाठी भूखंड आरक्षित असतो, मैदानासाठी असतो, रुग्णालयासाठी असतो. रस्त्यांची रुंदी ठरते ती वाहनांच्या हिशेबाने. ज्या वाटेने आठ वर्षांचे मूल कोणाचा हात न धरता, कुत्र्याला भीत, पेरूकडे पाहत, डबे मोजीत शाळेपर्यंत पोहोचेल, अशा वाटेचे आरक्षण कोणत्याही आराखड्यात दाखवलेले नसते. गावठाणातल्या आगरी-कोळी मुलाचा, कामगारांच्या जुन्या वस्त्यांतल्या मुलाचा आणि मनोऱ्यातल्या मुलाचा मिळून एक माजिवडा होतो, आणि त्याची कादंबरी अजून लिहून व्हावयाची आहे. ‘वनवास’च्या हिशेबाने धरले, तर अशा पुस्तकाला मुलाच्या डोळ्यांपासून छापखान्यापर्यंत पोहोचण्यास चाळीस-पन्नास वर्षे लागतात, तेवढी वाट पाहण्यास वाचक तयार आहे. फक्त पुढच्या वेळी आराखडा सूचना-हरकतींसाठी प्रसिद्ध होईल, तेव्हा रस्त्याच्या रुंदीविषयी हरकत नोंदवणाऱ्यांनी त्यात एक कलम आणखी घालावे, की घर आणि शाळा यांच्या दरम्यान मुलाला पायी जाता येईल एवढी पदरभर जागा राखून ठेवण्यात यावी; आणि कारणाच्या रकान्यात ‘अपघात टाळण्यासाठी’ एवढेच न लिहिता, ‘साहित्यासाठी’ असेही निःसंकोच लिहावे.